नाशिकहून धरणातली बेटं पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिककरांचा तलाव म्हणजे बहुतेक वेळा धरणाचा फुगवटा. त्यातलं बेट म्हणजे पाण्यात गेलेल्या टेकडीचा उरलेला माथा. पाणी चढलं की ते आक्रसतं, उतरलं की पसरतं आणि उन्हाळ्यात काठाला जाऊन मिळतं, म्हणजे बेट राहतच नाही. कधी जायचं, होडी कुठून मिळेल, चिखल किती असेल, धोका कशाचा, हे सगळं पाण्याच्या पातळीवर ठरतं. म्हणून सुट्टीचा रविवार शोधण्याआधी त्या धरणात पाणी किती आहे ते पाहा.

नाशिकजवळ बेटावर खरोखर उतरता येतं, की फक्त लांबून बघायचं?

बहुतेक ठिकाणी होडीतून जवळ जायचं आणि बघून परत यायचं. गंगापूर धरण शहराला पिण्याचं पाणी देतं, त्यामुळे तिथे हवं तिथे उतरण्याची मोकळीक नाही. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिथल्या बेटांवर पक्ष्यांचा हक्क आहे. भंडारदऱ्याला होडीने पलीकडच्या काठावर उतरता येतं. बेटावर मुक्कामच करायचा असेल तर जिल्ह्याबाहेर जावं लागतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कोणता महिना चांगला?

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी. धरणं भरलेली असतात, पाऊस थांबलेला असतो, वाराही मवाळ असतो. ऑक्टोबरात दुपारचं ऊन भाजून काढतं, म्हणून तेव्हा अकराच्या आत काठावर परतावं. डिसेंबर-जानेवारीत उलट अडचण असते: निफाडचा पारा जिल्ह्यात सगळ्यात खाली जातो आणि पहाटे पाण्यावर धुकं बसतं. धुक्यात होडी सुटत नाही, सुटूही नये. मार्चनंतर पाणी झपाट्याने उतरतं. जून ते सप्टेंबर हा काळ काठावरून बघण्याचा आहे, पाण्यात जाण्याचा नाही.

वर्तमानपत्रात धरणसाठ्याची टक्केवारी येते. ती वाचून बेट कसं असेल ते कळतं का?

कळतं, पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली, ती टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. त्याखाली मृतसाठा असतो, तो कालव्यात किंवा पाइपात येत नाही. म्हणून साठा शून्य टक्के छापून आला तरी तळाशी पाणी आणि भरपूर गाळ असतोच.

दुसरी, टक्के म्हणजे पाण्याचं आकारमान, उंची नव्हे. धरणाचा आकार परातीसारखा, वर रुंद आणि खाली निमुळता. वरच्या एका मीटरमध्ये खूप पाणी मावतं, तळाच्या मीटरमध्ये थोडं. त्यामुळे १०० वरून ८० टक्क्यांवर आलेलं धरण डोळ्यांना फार उतरलेलं वाटत नाही, पण ३० वरून १० वर आलं की पातळी चांगलीच खाली गेलेली असते.

काठ किती मागे सरकेल हे उतारावर ठरतं. भिंतीजवळचे डोंगर उभे असतात, तिथे पाणी मीटरभर उतरलं तर काठ दोन-चार पावलं सरकतो. फुगवट्याच्या शेपटाकडे, जिथे नदी धरणात शिरते, तिथे जमीन सपाट असते. शंभर मीटरला एक मीटर असा उतार धरला तर पातळी मीटरभर उतरताच शंभर मीटर चिखल उघडा पडतो. बेटांभोवतीची बरीच जमीन अशीच असते, आणि महिन्यापूर्वी मित्राने टाकलेला फोटो बघून निघालेले लोक इथेच फसतात.

‘आवर्तन सुटलं’ आणि ‘विसर्ग वाढवला’ याचा सहलीशी काय संबंध?

थेट संबंध आहे. आवर्तन म्हणजे शेतीसाठी किंवा पिण्यासाठी ठरावीक दिवस सोडलेलं पाणी. ते सुरू असताना पातळी रोज उतरते. सकाळी पाण्याला टेकवून ठेवलेली होडी दुसऱ्या दिवशी चिखलात रुतलेली दिसते. पाऊस कमी झालेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडलं जातं, तेव्हाही हेच होतं.

विसर्ग हा पावसाळ्यातला शब्द. धरणात येणारं पाणी मावत नाही तेव्हा दरवाजे उघडतात आणि आकडा क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी असा, जाहीर होतो. खालच्या नदीपात्रातल्या खडकांवर, बेटांवर, संगमांवर तेव्हा क्षणभरही थांबू नये. नाशिककराला याची वेगळी खूण सांगायला नको: रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती पाण्यात उभा असेल तर गोदावरीच्या कुठल्याही भागात होडीचा विषय काढायचा नाही.

गंगापूर धरणावर काय करता येतं?

शहरापासून १० ते १५ किमी, म्हणून हे अर्ध्या दिवसाचं ठिकाण आहे. गोदावरीवरचं हे मातीचं धरण १९६५ मध्ये पूर्ण झालं. पर्यटन महामंडळाचा बोट क्लब आणि निवासाची सोय फुगवट्याच्या काठावर आहे. पाण्यात जायचं तर बोट क्लबमधूनच जावं. बोटी चालू आहेत का हे निघण्याआधी फोन करून विचारा, कारण वारा, देखभाल किंवा पातळी यापैकी कशामुळेही त्या बंद असू शकतात.

भिंतीवर आणि दरवाज्यांच्या भागात प्रवेश नाही, फोटोही काढू नयेत. गिरणारे-सावरगावच्या बाजूने काठावर उतरणारे बरेच कच्चे रस्ते आहेत. त्यांतले काही खासगी शेतातून जातात, तिथे मालकाला विचारल्याशिवाय गाडी घालू नका. पावसानंतर पंधरा दिवस तरी काळ्या मातीच्या रस्त्यावर गाडी उतरवू नये. जाताना उतार असतो म्हणून ती सहज जाते, परतताना चाकं जागच्या जागी फिरतात आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

इथलं पाणी आपल्याच नळाला येतं, हे सगळ्यात महत्त्वाचं. गाड्या धुणं, साबण, उरलेलं अन्न, निर्माल्य, यातलं काहीही इथे पाण्यात जाता कामा नये.

नांदूरमध्यमेश्वरला बेटांवर का जाऊ देत नाहीत? पाणी तर उथळ दिसतं.

उथळ दिसतं ते गाळामुळे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर शंभर वर्षांहून जुना बंधारा आहे. इतक्या वर्षांत साचलेल्या गाळावर पाणवनस्पती वाढल्या आणि त्यातून बेटं, दलदल, उथळ डबकी तयार झाली. पक्ष्यांना हेच हवं असतं. १९८६ मध्ये हे अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

बेटावर माणूस उतरला की काय होतं ते समजून घ्यायला हवं. हिवाळ्यात आलेली तलवार बदकं, थापट्या, गढवाल, चक्रवाक ही मंडळी दिवसा बेटाच्या आडोशाने विश्रांती घेतात. एकदा थवा उडाला की साठवलेली शक्ती खर्च होते, आणि दिवसातून चार वेळा उडाला तर तो जागाच बदलतो. उन्हाळ्यात प्रश्न आणखी गंभीर होतो. नदी सुरय आणि टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. अंड्यांचा रंग खड्यांसारखा, त्यामुळे पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पक्षी उठून गेला तर मार्च-एप्रिलच्या उन्हात अंडी थोड्या वेळात तापून निकामी होतात.

तेव्हा इथे बेट बघायचं ते मनोऱ्यावरून, दुर्बिणीतून. नाशिकपासून अंतर साधारण ४० किमी, निफाडपासून १२. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत आणि स्थानिक मार्गदर्शक मिळतात. मार्गदर्शक जरूर घ्या. कोणत्या बेटाच्या कोणत्या बाजूला काय बसलं आहे हे त्यांना रोजचं माहीत असतं, नवख्याचा अर्धा दिवस शोधण्यात जातो. सूर्य उगवताना मनोऱ्यावर असायला हवं, म्हणजे नाशिकहून पहाटे पाचला निघा. ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिमी भिंगाची दुर्बीण पुरते. १२ पटींची हातात थरथरते, तिला तिकाटणं लागतं. कपडे मातकट किंवा हिरवट घाला, पांढरा आणि लाल टाळा. बांधावरच्या उसात बिबट्याचा वावर असतो, म्हणून अंधारात लहान मुलांना पुढे पळू देऊ नका आणि मोबाईलवर गाणी न लावता आपसात बोलत चाला.

भंडारदरा एका दिवसात होतं का?

होतं, सकाळी सहाला निघालात तर. नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने घोटी, तिथून बारीवरून शेंडी, एकूण ७० किमीच्या आसपास. रस्ता घाटाचा आहे, दोन तास धरा. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, त्याच्या जलाशयाला ऑर्थर लेक म्हणतात. शेंडीकडून रतनवाडीच्या दिशेने होड्या जातात. पलीकडे अमृतेश्वराचं कोरीव दगडी मंदिर, त्याची पुष्करणी आणि मागे रतनगड.

रतनवाडी फुगवट्याच्या शेपटाकडे आहे. धरण भरलेलं असताना होडी गावाजवळ लागते. फेब्रुवारीनंतर ती दर आठवड्याला थोडी अलीकडे थांबते आणि उरलेलं अंतर चिखलाच्या कडेने चालावं लागतं. म्हणून पैसे देण्याआधी नेमका हा प्रश्न विचारा: “आज होडी कुठपर्यंत जाते, आणि पुढे चालायचं किती?” मंदिर बघायचंच असेल आणि पाणी उतरलेलं असेल तर काठाने गाडीरस्ता आहे, तो घ्या. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्काची पावती घ्या आणि परत येईपर्यंत जपून ठेवा.

परतीची होडी दुपारी दोनच्या आत धरावी. काजवे बघायला मे-जूनमध्ये जाणाऱ्यांनी होडीचा बेत त्याला जोडू नये, ते दिवस वळवाचे असतात.

दारणा आणि वैतरणा इथे?

काठावरून बघा. दारणा १९१६ चं, ब्रिटिशकालीन. वैतरणेचं पाणी मुंबईला जातं. त्र्यंबक-घोटी पट्ट्यातून वैतरणेच्या फुगवट्यातल्या टेकड्या फार देखण्या दिसतात, आणि त्या दिसण्यासाठी पाण्यात उतरावं लागत नाही. सिंहस्थाच्या काळात, म्हणजे २०२६-२७ मध्ये, त्र्यंबक रस्ता पर्वणीच्या आगेमागे टाळा आणि घोटीकडून जा.

होडीत बसण्याआधी काय तपासायचं?

पाच मिनिटं लागतात, ती काठावरच द्या.

लाइफ जॅकेट सगळ्यात आधी. त्यावर कोणत्या वजनासाठी आहे ते छापलेलं असतं, ते वाचा. न्यूटनचा आकडा म्हणजे जॅकेटची पाण्यात उचलून धरण्याची ताकद; पोहता न येणाऱ्याला १०० न्यूटन किंवा अधिकचं जॅकेट हवं. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, मदत जवळ असताना वापरायचं असतं. ते बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्यावर ठेवत नाही. जॅकेटचा फोम दाबून बघा. दाबल्यावर परत फुगत नसेल किंवा आत चुरा झाल्यासारखा लागत असेल तर ते जुनं झालं आहे. सगळे बंद लावून झाल्यावर सोबतच्याला खांद्यांच्या पट्ट्या धरून वर खेचायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत वर आलं तर सैल आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. जॅकेट मांडीखाली घेऊन बसणं किंवा बंद न लावता गळ्यात अडकवणं म्हणजे न घातल्यासारखंच.

मग होडी. आत पाणी साचलंय का, ते काढायला डबा आहे का, वल्हं आहे का (इंजिन असलं तरी हवंच, बंद पडलं तर तेच कामाला येतं), आणि लांब दोर आहे का. सगळे बसल्यावर होडीचा काठ आणि पाणी यांच्यात किमान एक वीत अंतर राहिलं पाहिजे. त्याहून कमी असेल तर माणसं उतरवा. क्षमता बाहेर लिहिलेली असते, पण ती शांत पाण्यासाठी. वारा असेल तर दोन माणसं कमीच बसवा.

चढताना एकेकाने, वाकून, पाऊल होडीच्या मध्यावर. काठावर पाय देऊन उडी मारली की होडी कलते, आणि होड्यांचे बरेच अपघात चालताना नव्हे तर चढता-उतरताना आणि सेल्फीसाठी सगळे एका बाजूला सरकल्यावर होतात. कुणी पाण्यात पडलं तर बाकीच्यांनी उभं राहायचं नाही. दोर किंवा वल्हं पुढे करायचं आणि त्याला बाजूने नव्हे, मागच्या टोकाकडून वर घ्यायचं. त्याआधी इंजिन बंद झालंच पाहिजे.

मासेमाराला पैसे दिले तर तो बेटावर सोडतो. जावं का?

नको. त्याला पाणी आपल्यापेक्षा शंभरपट कळतं, यात शंका नाही. पण त्याची पत्र्याची किंवा फायबरची होडी एक-दोन माणसं आणि जाळी यांच्या हिशेबाने असते. त्यात सहा जण बसले की तिचा तोल बदलतो, जॅकेटं नसतात, प्रवासी नेण्याचा परवाना नसतो. काही बरंवाईट झालं तर त्याची होडी आणि रोजगार दोन्ही जातात. त्याला पैसे मिळावेत असं वाटत असेल तर ताजे मासे विकत घ्या, काठावरची वाट दाखवायला सोबत घ्या, चुलीवरचं जेवण सांगा.

ट्यूब, थर्माकोलचे तराफे आणि खेळण्यातल्या फुगवायच्या होड्या यांचा विचारही नको. वारा त्यांना पाण्यापेक्षा जोरात ढकलतो आणि हाताने वल्हवून परत येता येत नाही.

वारा किती असेल तर परत फिरायचं?

लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस ठिकठिकाणी दिसू लागला की वारा ताशी वीसेक किमीच्या पुढे गेलेला असतो. छोट्या होडीसाठी ही मर्यादा समजा. दख्खनच्या पठारावर वारा साधारण दुपारी वाढतो, म्हणून सकाळी सात ते अकरा ही वेळ उत्तम.

गंगापूरसारख्या पश्चिम-पूर्व पसरलेल्या पाण्यावर पश्चिमेचा वारा लांबवर विनाअडथळा धावतो आणि लाटा भिंतीकडच्या टोकाला मोठ्या होतात. वल्ह्याची होडी किंवा कयाक असेल तर आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमलेले असताना परतीला वारा पाठीशी राहतो. उलट केलं तर जाताना अर्धा तास आणि येताना दीड तास लागतो, आणि तोवर वारा आणखी वाढलेला असतो.

पाण्यात असताना ढग दाटून आले तर?

एप्रिल ते जून हा धोका रोज दुपारी असतो. वळवाचा पाऊस येण्याआधी वाऱ्याचा जोरदार झोत येतो, त्यातच होड्या उलटतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किमी. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर तुम्ही धोक्याच्या टप्प्यात आहात, सगळ्यात जवळच्या काठाला लागा, तो आपल्या गाडीचा काठ नसला तरी चालेल.

बेटावर अडकलात तर माथ्यावर थांबू नका आणि एकट्या झाडाखाली तर मुळीच नको. उतारावर खोलगट जागी, पाण्यापासून दूर, एकमेकांपासून अंतर ठेवून पाय जुळवून उकिडवे बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच निघा.

वाळलेल्या गाळावरून चालत बेटावर जाता येईल का?

हा प्रश्न मार्चनंतर फार येतो, आणि उत्तर नाही असंच आहे. वरचा पापुद्रा उन्हाने तडकलेला, टणक दिसतो. त्याखाली हातभर किंवा त्याहून खोल लोण्यासारखा गाळ असतो. गुरांचे खूर उमटलेले दिसले म्हणून विश्वास ठेवू नका, ती वाट परवाची असेल आणि पाणी काल वर आलेलं असेल. काठावर फिरतानाही हातात काठी ठेवा आणि पुढच्या पावलाआधी टोचा. सहज वीतभर आत गेली तर मागे फिरा.

पाय रुतलाच तर जोर लावून वर ओढू नका. एक पाय ओढताना दुसरा आणखी खोल जातो. मागे रेलून बसा, गरज पडली तर आडवे व्हा, म्हणजे वजन पसरतं. पाय बाजूंना हलवत राहा, गाळात हवा आणि पाणी शिरलं की त्याची पकड सुटते. बूट गेला तर जाऊ द्या. मदतीला येणाऱ्याने जवळ येऊ नये, दोर, ओढणी किंवा फांदी फेकावी.

पोहायला काय हरकत आहे? पाणी शांत असतं.

धरणाच्या पाण्यात पोहायला बंदी आहे, आणि तिची कारणं पाण्याखाली आहेत. जुन्या विहिरींच्या कठड्यांशी पाणी कमरेएवढं असतं आणि पुढच्या पावलाला तळ नसतो. झाडांचे खुंट, काटेरी तारा, तुटलेली मासेमारीची जाळी पायाला गुंतते. आणि सहसा लोकांच्या डोक्यात न येणारी गोष्ट म्हणजे शेतकऱ्यांच्या विजेच्या मोटारी. काठावरून केबल पाण्यात गेलेली असते, सोललेल्या जोडातून प्रवाह पाण्यात उतरतो. जिथे पाइप किंवा वायर पाण्यात जाताना दिसते तिथे पायसुद्धा बुडवू नका.

लहान मुलं आणि आजी-आजोबांना न्यावं का?

न्यावं. पोहता न येणाऱ्या प्रत्येक मुलामागे होडीत एक मोठं माणूस हवं, आणि त्याने मोबाईल खिशात ठेवावा. मुलाला मोठ्यांचं जॅकेट आवळून चालत नाही, त्याच्या मापाचं नसेल तर मुलाने काठावर थांबायचं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी होडीपेक्षा धक्का महत्त्वाचा आहे: पायऱ्या किती, कठडा आहे का, पातळी उतरल्यावर शेवटची पायरी आणि होडी यांत अंतर किती, हे फोनवर विचारून घ्या. साडीचा पदर खोचा, नऊवारी असेल तर उत्तमच.

डब्यात काय न्यावं, पाणी किती?

माणशी तीन लिटर पाणी, ऑक्टोबर आणि मार्चमध्ये चार. धरणाचं पाणी न गाळता, न उकळता पिऊ नका. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गुळपोळी, हे दिवसभर टिकतं. दह्यातली कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी आणि उकडलेला बटाटा उन्हातल्या गाडीत दुपारपर्यंत आंबतो. मिसळ खायची तर नाशिकमध्येच खाऊन निघा, पण होडीत मळमळणाऱ्यांनी ती परतीसाठी ठेवावी.

पत्रावळ्या, प्लॅस्टिक, संत्र्याच्या साली, सगळं पिशवीत परत. सालीला पाण्याकाठी माकडं आणि कुत्री जमतात, आणि तीच कुत्री पुढे पक्ष्यांच्या अंड्यांवर जातात.

बेटावर शौचालयाची सोय नसते. मग?

काठावरच जाऊन घ्या, होडीची फेरी दोन तासांहून लांब घेऊ नका. लांबच्या मुक्कामात गरज पडली तर पाण्यापासून किमान ६० मीटर दूर, वीतभर खोल खड्डा करून मातीने बुजवा. टिश्यू आणि सॅनिटरी पॅड पिशवीत परत आणा. लहान बेटावर पाण्यापासून साठ मीटर लांब जागा मिळत नाही, हेही वेळ आखताना ध्यानात घ्या.

साप असतात का?

धरण भरताना पाणी चढत जातं तसे साप, विंचू, उंदीर उरलेल्या माथ्यावर गोळा होतात. म्हणून पावसाळ्यानंतरच्या पहिल्या महिन्यात बेटाचा गवताळ माथा सगळ्यात जास्त धोक्याचा. घोट्यावर येणारे बूट घाला, दगड उचलू नका, कपारीत हात घालू नका. दंश झालाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. अंगठी, जोडवी काढा, तो हात किंवा पाय लाकडाला बांधून स्थिर ठेवा आणि माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करा. घोटी, निफाड, राजूर इथे सरकारी रुग्णालयं आहेत, मोठ्या उपचारांना नाशिकचं जिल्हा रुग्णालय.

ड्रोन उडवायचा आहे.

आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा. ओझरचं विमानतळ आणि देवळालीचा लष्करी भाग यांच्यामुळे नाशिकभोवतीचं बरंच आकाश बंद आहे. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही, धरणाच्या भिंतीजवळ नाहीच.

दोन-तीन दिवस असतील तर कुठे जावं?

मुक्कामाचं बेटच हवं असेल तर मध्य प्रदेश. नाशिकरोडहून भुसावळमार्गे खंडवा रेल्वेने साधारण सहा तास. तिथून हनुवंतिया पन्नासेक किमी. नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाचा साठा देशात सगळ्यात मोठा, १२.२२ अब्ज घनमीटर, आणि त्यात बेटंच बेटं आहेत. हिवाळ्यात तिथे जल महोत्सव होतो. तेव्हा तंबूंची सोय असते पण गर्दी आणि दर दोन्ही चढे. शांतता हवी तर महोत्सव सोडून जा. ओंकारेश्वराला जाणारच असाल तर मांधाता हे नर्मदेतलं बेटच आहे, पुलावरून चालत जाता येतं. तिथून पुढे ओंकारेश्वर धरणाच्या फुगवट्यात सैलानी बेटावर राज्य पर्यटनाचं निवासस्थान आहे. तीर्थयात्रा आणि बेट दोन्ही तीन दिवसांत नीट बसतं, म्हणून नाशिककर कुटुंबांना आम्ही हाच मार्ग आधी सुचवतो.

राज्यातच राहायचं असेल तर महाबळेश्वरखालचं तापोळा. कोयनेच्या शिवसागर जलाशयात होड्या फिरतात, संगमावरच्या दत्तमंदिरापर्यंत नेतात. प्रवास लांब आहे, दोन रात्री ठेवा. उजनीत पाणी उतरल्यावर पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर वर येतं, ते बघायचं तर मात्र उन्हाळाच. उदयपूरला पिछोला तलावातलं जगमंदिर होडीने बघता येतं. शेजारचं लेक पॅलेस फक्त तिथे उतरलेल्या पाहुण्यांसाठी असतं, त्यामुळे घाटावर कुणी तिथली फेरी देऊ केली तर पैसे देऊ नका.

होडीचे पैसे ठरवताना काय विचारावं?

दर माणशी की होडीचा, फेरी किती मिनिटांची, पलीकडे थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का, आणि वाऱ्यामुळे अर्ध्यातून परतलो तर किती परत मिळणार. चारही उत्तरं काठावर असतानाच घ्या. परतीसाठी होडी बोलावायची असेल तर जातानाच सगळे पैसे देऊ नका, अर्धे परतल्यावर द्या.

परतीची होडी आलीच नाही तर?

पोहून किंवा गाळातून निघायचं नाही. रतनवाडीसारख्या ठिकाणी मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून होडीवाल्याचा आणि काठावरच्या हॉटेलवाल्याचा नंबर आधी घ्या, आणि घरी एकाला सांगून निघा: अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळव. सोबत टॉर्च, शिट्टी, एक चार्ज केलेली पॉवर बँक, जास्तीचं लिटरभर पाणी आणि माणशी एक चादर ठेवा. काठावरून दिसेल अशा उघड्या उतारावर एकत्र बसा, भडक रंगाची ओढणी झुडपावर पसरा, आणि अंधार पडल्यावर टॉर्च तीन-तीन वेळा चमकवत राहा. काठावरच्या वस्तीतली माणसं पाण्याकडे बघत असतात, त्यांना ते दिसतं.